व्येलिच्का की बोखन्या? आधी गुडघ्यांना विचारा

लेक क्राकोवला नोकरीला, म्हणून शेजारचे आप्पा आणि काकू यंदा मे महिन्यात जळगावचं ऊन चुकवून पोलंडला निघालेत. परवा ओट्यावर बसून आप्पांनी विचारलं, "मिठाच्या दोन जुन्या खाणी आहेत म्हणे तिकडं. एकच पाहायची तर कोणती?" आम्ही गेल्या वर्षी मुलाकडे गेलो तेव्हा दोन्ही पाहून आलो.

दोन्ही तेराव्या शतकापासूनच्या. आता मीठ काढणं बंद. बोखन्यात १९९० ला थांबलं, व्येलिच्कात १९९६ ला. जागतिक वारशात व्येलिच्का १९७८ च्या पहिल्याच यादीत गेली, बोखन्या २०१३ मध्ये.

देखणेपणात व्येलिच्काला तोड नाही. १०१ मीटर खोल सेंट किंगाचं प्रार्थनाघर, चांगलं ५४ मीटर लांब. मूर्ती, भिंतीवरचं कोरीवकाम, झुंबरांचे लोलक, सगळं मिठाचं. तेही पांढरंशुभ्र नव्हे, करडं, दगडासारखं. भिंतीला लावलेलं बोट चाटून पाहिलं तेव्हा कुठं हिला पटलं. घोड्यांनी ओढायचे अवाढव्य लाकडी रहाटही तिथंच पाहायला मिळतात.

पण सुरुवातच ३८० पायऱ्यांनी. वर यायला लिफ्ट, उतरायचं मात्र पायी. ऐकायला सोपं वाटतं. गुडघे दुखणाऱ्याला विचारा, चढण्यापेक्षा उतरणंच जीवावर येतं. लाकडी जिना, थोड्या पायऱ्या की वळण, पुन्हा पायऱ्या, पुन्हा वळण. वणीला देवीच्या पायऱ्यांवर माणूस बसत-बसत जातो. इथं मागं अख्खा घोळका, बसायचा संकोच वाटतो. एवढं करून त्या प्रार्थनाघरात पोचलो, तर सगळे झुंबरं बघतायत आणि ही टेकायला जागा शोधतेय! माझंही मग निम्मं लक्ष तिच्याकडंच.

बोखन्या क्राकोवहून जरा लांब, जळगाव-पाचोरा एवढं अंतर धरा. पण लिफ्टनं थेट २१२ मीटर खाली, मग खडखडणारी छोटी रेल्वे, आणि पाणी भरलेल्या एका दालनातून चक्क होडी. कोरीवकाम त्या मानानं कमी, हे कबूल. पायऱ्या अजिबात नाहीत असंही नाही. एका ठिकाणी जिना आहे, पण त्याच्या बाजूनं १४० मीटरची घसरगुंडी. मी मुकाट जिन्यानं उतरलो. ही नातवाच्या मागोमाग घसरत गेली आणि खाली माझी वाट बघत बसली.

पहिल्यांदाच जाणाऱ्यानं, पाय धड असतील तर, व्येलिच्का बघावी, असं लोक म्हणतात आणि त्यात चूक काही नाही. मला कुणी पुन्हा नेलं तर बोखन्याला नेवो.

आप्पा अजून विचारात आहेत. काकूंनी मात्र हिला हळूच विचारलं, "घसरगुंडीला साडी चालते का हो?"