बर्डीवरून आणलेला युरोपचा नकाशा

मी नागपुरात अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. जूनमध्ये बर्डीवरच्या एका दुकानातून युरोपचा भिंतीवर लावायचा नकाशा घेतला, साडेचारशेला. यात नद्या ठळक निळ्या आणि देशांच्या सीमा फिकट आहेत. युरोपची सुरक्षा शिकवायला मला असाच नकाशा हवा होता.

ऱ्हाइनवर बोट ठेवलं की निम्मा धडा तिथेच होतो. तिच्या काठच्या, जर्मनीतल्या रूर भागात कोळशाचे काळे ठिपके आहेत. ज्या कोळशा-पोलादावर तोफा घडल्या, त्याचा कारभार सामायिक प्राधिकरणाकडे द्यावा, म्हणजे पुन्हा युद्ध होणार नाही, असं फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमन यांनी ९ मे १९५० ला मांडलं. पुढच्याच वर्षी सहा देशांनी तसा करार केला. मग १९८६. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, ती विझवायला मारलेलं पाणी नदीत गेलं, ऱ्हाइन लाल झाली, मासे मेले. झळ प्रवाहाच्या खालच्या देशांनाही बसली. आमच्या पोरांना हे फोडून सांगावं लागत नाही. नागपूरला मिळणारं पेंच नदीचं पाणीही वरून, मध्य प्रदेशातून येतं, आणि २०१९ च्या जुलैत एक दिवसाआड आलेले नळ घरोघरी आठवतात.

मला सर्वांत प्रिय सावा. युगोस्लाव्हिया फुटला आणि एका देशाची नदी चार देशांची झाली. युद्धाच्या जखमा ओल्या असतानाच, २००२ मध्ये, त्यांनी जलवाहतूक आणि पाण्यासाठी एकत्र करार केला. स्लोव्हेनियापासून बेलग्रेडपर्यंत मी मुलांना ती बोटाने चालायला लावते.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, रशियाचा गॅस तं जर्मनीत जातच होता, मग युक्रेनात लढाई कायले झाली?" प्रश्न अगदी बरोबर आहे. नुसत्या विक्रीने शेजारी बांधला जात नाही. कोळशाच्या करारात निर्णय मिळून घ्यायचे होते, गॅसमध्ये एक विकणारा आणि दुसरा घेणारा. हे मी फळ्यावर लिहून ठेवलं.

आता दोष. लॅमिनेशन इतकं चकचकीत आहे की ट्यूबलाइटखाली मधला भाग दिसत नाही, पडदा ओढावा लागतो. बाल्कनमधली अक्षरं बारीक. आणि सर्बिया-माँटेनेग्रो अजून एकत्र छापलेत. ते २००६ मध्येच वेगळे झाले. दुकानदाराला दाखवलं, नवी आवृत्ती आली की बदलून देतो म्हणाले. तोवर मी मार्करने सीमा ओढून घेतली आहे.