एपिसोड गायब, कारणही गायब: ॲनिमे ॲप्सचा परखड आढावा

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, दाखवणाऱ्या ॲप्सबद्दल बोंब दोनच गोष्टींची असते. मधलाच एपिसोड नाही, किंवा आहे तो धड चालत नाही. यातल्या बहुतेक अडचणींची कारणं ठरलेली आहेत आणि ती ॲप चालवणाऱ्यांना चांगली ठाऊक असतात. प्रेक्षकाला मात्र 'काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा' एवढंच वाचायला मिळतं. आमच्या लेखी गुण कापायचे ते या मौनासाठी. क्रंचीरोल, हायडाइव्ह, नेटफ्लिक्स, कोणतंही घ्या. दुखणं थोड्याफार फरकाने हेच.

आधी गायब एपिसोड. तक्रार करण्याआधी तो खरंच नाही का, हे बघायला हवं, कारण निम्म्या वेळा तो असतो पण दिसत नाही. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे भाषा. डब मूळ जपानी आवृत्तीच्या काही आठवडे मागे असतो. प्रोफाइलमध्ये ऑडिओ डबचा ठेवला असेल, तर बरीच ॲप्स यादीच तेवढ्यावर कापतात: जपानीत अकरावा भाग लागलेला असतो आणि तुमच्यासमोर यादी आठव्यावर संपते. एपिसोड चालू असताना भाषा बदलून उपयोग नाही. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ 'जपानी' करा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, मग यादी बघा. काही ठिकाणी प्रत्येक डब हा वेगळा 'सीझन' म्हणून मांडलेला असतो. तिथे सीझनच्या ड्रॉपडाऊनमध्ये खालपर्यंत जावं लागतं. दुसरं कारण वयोमर्यादा. मर्यादा घातलेल्या प्रोफाइलवर काही मालिका शोधातही येत नाहीत, आणि ॲप 'लपवलं आहे' असं सांगायचं सोडून 'काही सापडलं नाही' म्हणतं. हे सरळ सरळ खोटं आहे.

मग येतो आकड्यांचा घोळ, आणि इथे भलेभले चकतात. 'डिटेक्टिव्ह कोनान'चे एक-दोन तासांचे विशेष भाग जपानी क्रमात एकच धरतात, आंतरराष्ट्रीय क्रमात ते फोडून मोजतात. त्यामुळे दोन यादींतला फरक वर्षागणिक वाढत जातो आणि एकाच कथेला दोन क्रमांक मिळतात. 'रीः झीरो'च्या पहिल्या सीझनचे २५ भाग. २०२० साली आलेल्या डायरेक्टर्स कटमध्ये तेच तासातासाचे १३ झाले. ॲपने फक्त ही आवृत्ती घेतली असेल तर बारा भाग गाळले असं वाटतं, प्रत्यक्षात काहीच गेलेलं नसतं. 'डीमन स्लेअर'मधला मुगेन ट्रेनचा भाग २०२० मध्ये चित्रपट म्हणून आला आणि २०२१ मध्ये ७ एपिसोडची मालिका म्हणून. एखाद्या ॲपवर यातलं एकच असतं. 'हारुही सुझुमिया' तर या सगळ्यांचा बाप. २००६ साली १४ भाग मुद्दाम उलटसुलट क्रमाने दाखवले, २००९ मध्ये नवे भाग मिसळून २८ भाग कालक्रमाने लावले. 'दुसरा एपिसोड' म्हणजे नेमका कोणता, याचं उत्तर ॲपने कोणता क्रम उचलला त्यावर ठरतं, आणि ते ॲप कुठेही लिहीत नाही.

म्हणून जुळवाजुळव क्रमांकाने करू नका. एपिसोडचं जपानी नाव आणि जपानमधल्या प्रक्षेपणाची तारीख धरा. ॲनिडीबी या ॲनिमेची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर दोन्ही मिळतात, शिवाय विशेष भाग आणि ओव्हीए (टीव्हीवर न दाखवता थेट डिस्कवर काढलेले भाग) वेगळ्या खणात दिसतात. ॲपमध्ये दिलेली तारीख काही वेळा अपलोडची असते, तिच्यावर विसंबू नका. ६.५ किंवा १३.५ असा क्रमांक दिसला तर तो बहुधा आधीच्या भागांची उजळणी असतो. तो नसेल तर जीव टाकायला नको. मंगाच्या (जपानी कॉमिकच्या) खास आवृत्तीसोबत डिस्कवर दिलेल्या जादा भागांचं, म्हणजे ओएडीचं, तसं नाही. त्यांत कधी कधी महत्त्वाची कथा असते, पण त्यांचे हक्क टीव्ही मालिकेच्या करारात धरलेले असतीलच असं नाही.

नव्या मालिकेचा एपिसोड 'आलाच नाही' असं वाटत असेल तर जपानी वेळापत्रक नीट वाचा. तिथे मध्यरात्रीनंतरची वेळ आदल्या दिवसातच मोजतात. शुक्रवार २५:३० म्हणजे शनिवारी पहाटे दीड, तोही जपानी घड्याळाने, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या ९ तास पुढे. काही वेळा तर एपिसोड तयारच झालेला नसतो. 'वन पीस' एप्रिल ते जून २०२० मध्ये महामारीमुळे थांबली, मार्च-एप्रिल २०२२ मध्ये ती बनवणाऱ्या तोएई ॲनिमेशनच्या यंत्रणेत घुसखोरी झाल्यामुळे. अशा वेळी मालिकेच्या पानावर एक ओळ टाकली तरी काम भागतं. ती ओळ टाकायला काय जातं, हे कोडंच आहे.

काही भाग तर कुठल्याच ॲपवर शोधू नयेत. 'पोकेमॉन'चा ३८वा भाग १६ डिसेंबर १९९७ ला लागला, त्यातल्या लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलांना त्रास झाला, आणि तो पुन्हा कधीच दाखवला गेला नाही. पहिल्या 'मोबाइल सूट गंडम'चा १५वा भाग इंग्रजी आवृत्तीतून वगळलेला आहे. त्याच कथेवर २०२२ मध्ये चित्रपट निघाला. १४ नंतर थेट १६ दिसलं की सर्व्हरला दोष देऊन उपयोग नाही.

उरतात ते खरोखर गेलेले. ॲनिमेचे हक्क बहुधा निर्मिती समितीकडे असतात: प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी बनवणारे असे अनेक भागीदार. परदेशी प्रसारणाचा करार सीझनवार, प्रदेशवार आणि मुदतीचा होतो. पहिला सीझन एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे, मधला चित्रपट तिसऱ्याकडेच, हे सर्रास घडतं. मुदत संपली की मालिका रातोरात उतरते. एपिसोड शाबूत राहून आतला तुकडा जाण्याचेही प्रकार आहेत: 'इव्हँगेलियन' जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा शेवटी वाजणारं 'फ्लाय मी टू द मून' बऱ्याच देशांत काढून टाकलेलं होतं. आणि 'विकत घेतलं म्हणजे आपलं' हा भ्रमही कोणी बाळगू नये. फनिमेशन ही ॲनिमे सेवा २ एप्रिल २०२४ ला बंद झाली, तेव्हा डिस्कसोबतच्या कोडने खात्यात जमा केलेल्या डिजिटल प्रती क्रंचीरोलवर हलवल्याच गेल्या नाहीत. ज्यांनी डिस्क जपून ठेवल्या त्यांच्याकडेच काय ते उरलं.

आता प्लेअर. इथे घोडं कुठे अडतं हे ओळखायचा क्रम सोपा आहे: तोच एपिसोड दुसऱ्या उपकरणावर, मग त्याच उपकरणावर दुसरी मालिका, मग दुसऱ्या नेटवर्कवर. सगळीकडे नेमक्या त्याच मिनिट-सेकंदाला अडकत असेल तर तुमच्या बाजूने करण्यासारखं जवळपास काही नाही. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत पाठवला जातो आणि त्यातला एक तुकडा सर्व्हरवरच खराब आहे. एक पळवाट मात्र आहे. काही सेवा सबटायटल चित्रातच भाजून देतात, म्हणजे प्रत्येक भाषेच्या सबटायटलसाठी वेगळा व्हिडिओ असतो. सबटायटलची भाषा बदलल्यावर चित्र थांबून पुन्हा लोड होत असेल तर हाच प्रकार समजा. मग दुसरी भाषा निवडा किंवा सबटायटल बंद करून तेवढा अर्धा मिनिट पार करा. खराब तुकडा एकाच आवृत्तीत असेल तर गाडी पुढे जाते.

एपिसोड सुरूच होत नसेल तर आधी उपकरणाचं घड्याळ बघा. वेळ आपोआप घेण्याचा पर्याय बंद असेल आणि तारीख चुकलेली असेल, तर प्लेबॅकचा परवाना नाकारला जातो. त्यानंतर व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सेवा) आणि फोनमधला प्रायव्हेट डीएनएस (साइटचे पत्ते शोधून देणारी सेवा). जाहिराती अडवणारा डीएनएस काही वेळा प्लेअरच्या कामाचे पत्तेही अडवतो, आणि फिरणारं चक्र फिरतच राहतं. ब्राउझरमध्ये हीच माशी जाहिरात रोखणाऱ्या एक्स्टेंशनपाशी शिंकते. फायरफॉक्समध्ये डीआरएम (कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) असलेली सामग्री चालवण्याची परवानगी सेटिंगमध्ये आहे का, हेही तपासा. 'एकाच वेळी खूप स्क्रीन चालू' असा संदेश आला आणि घरात कुणीच बघत नसेल, तर टीव्हीवरचं ॲप नीट बंद झालेलं नसतं. तिथे फोर्स स्टॉप करा आणि काही मिनिटं थांबा. आवाज येतो पण पडदा काळा, असं असेल तर स्क्रीन रेकॉर्डर, बाहेरच्या मॉनिटरची केबल किंवा ॲडॉप्टर यांच्यावर संशय घ्या. साखळीतली एक वस्तू जरी एचडीसीपी (केबलवरून होणारी कॉपी रोखणारी पद्धत) मानत नसेल तरी चित्र रोखलं जातं.

कॅशे, म्हणजे ॲपने साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स, पुसणं निर्धोक आहे. 'डेटा पुसा' हे बटण मात्र शेवटचा उपाय म्हणून ठेवा, कारण त्यात लॉगिन जातं आणि डाउनलोड केलेले सगळे एपिसोडही जातात.

चित्र धूसर असण्याबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल. नेट वेगवान, पॅकेज महागातलं, तरी चित्र ४८०पीच्या वर जात नाही, याचं उत्तर बहुधा वाइडवाइन या गुगलच्या डीआरएमच्या पातळीत असतं. अँड्रॉइड उपकरणावर एल१ असेल तर एचडी मिळतं, एल३ असेल तर बहुतेक सेवा कमी दर्जावर अडवतात. बूटलोडर (फोन सुरू करणारा, एरवी कुलूपबंद असलेला प्रोग्राम) उघडलेला फोन किंवा प्रमाणपत्र नसलेला टीव्ही बॉक्स एल३ वर असण्याची शक्यता मोठी. डीआरएमची माहिती दाखवणारी मोफत ॲप्स आहेत, त्यांत पातळी लगेच दिसते. ग्राहक सेवा मात्र तुम्हाला राउटर बंद-चालू करायला सांगत बसते.

पातळी ठीक असेल तर दर्जा 'ऑटो'वरून काढून १०८०पीवर ठेवून बघा. सेकंदाला ८ मेगाबिटचा प्रवाह धरला तर २४ मिनिटांच्या एपिसोडला साधारण १.४ जीबी जातात, हे मोबाइल डेटावर लक्षात असू द्या. रात्रीच्या आकाशात रंगांचे पट्टे दिसतात ते ८ बिट रंग आणि जास्त दाबलेला व्हिडिओ यांमुळे. टीव्हीचा ब्राइटनेस वाढवला तर ते आणखी उठून दिसतील. लढाईच्या झगमगाटात चित्र एकदम मंद पडतं किंवा मागचं चित्र पुढच्यात रेंगाळतं, तेव्हा ॲपला शिव्या घालू नका. पोकेमॉन प्रकरणानंतर जपानी वाहिन्या झगमग दृश्यं मुद्दाम मंद करतात आणि तीच प्रत स्ट्रीमिंगला मिळते. ब्लू-रेवर बऱ्याचदा हे काढलेलं असतं.

टीव्हीवर कॅमेरा आडवा सरकताना चित्र हिसके देतं, हा वेगळा आजार. ॲनिमे सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा, टीव्ही ६० हर्ट्झचा. मग एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवून हिशेब जुळवला जातो. पात्रांच्या हालचालीत हे फारसं जाणवत नाही, कारण एकच चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवलेलं असतं. पार्श्वभूमी मात्र प्रत्येक फ्रेमला सरकते, म्हणून हिसका तिथेच दिसतो. ॲपल टीव्ही, फायर टीव्ही आणि नव्या अँड्रॉइड टीव्हीत मूळ फ्रेम रेट जुळवण्याचं सेटिंग आहे. ते चालू करा. ॲपनेही त्याला साथ द्यावी लागते, आणि नेमकी तिथेच अनेक ॲनिमे ॲप्स मार खातात. टीव्हीचं मोशन स्मूदिंग मात्र बंदच हवं. ते दोन चित्रांच्या मध्ये नसलेली चित्रं घुसवतं आणि रेषा फिसकटतात.

सबटायटलची परीक्षा घ्यायची तर ज्यात पडद्यावर पत्र किंवा मोबाइलचा मेसेज येतो असा एपिसोड लावा. चांगल्या ॲपमध्ये पत्राचा अनुवाद पत्राच्या जागी आणि संवाद खाली येतो. साधा मजकूर वापरणाऱ्या ॲपमध्ये दोन्ही एकावर एक आदळतात, किंवा पत्राचा अनुवाद येतच नाही. डब लावल्यावर फक्त पाट्यांचे सबटायटल मिळतात का, तेही बघा. ते नसतील तर डबवाल्या प्रेक्षकाला अर्धी कथा अंदाजाने लावावी लागते. शेवटच्या गाण्यानंतरचं दृश्य 'पुढचा एपिसोड' या चौकटीने गिळलं जातं, त्यासाठी ऑटोप्ले बंद ठेवणं बरं.

वार्षिक पॅकेजच्या नादी लागू नका. करार मधेच संपतात, मालिका उतरते, पैसे मात्र वर्षाचे गेलेले असतात. आधी लॉगिन न करता ब्राउझरमध्ये मालिकेचं पान उघडा आणि प्रत्येक सीझनचा पहिला व शेवटचा भाग तपासा. कोणता सीझन कुठल्या सेवेवर आहे हे जस्टवॉचवर देश निवडून कळतं. मग एक महिना घ्या, तोही ज्या उपकरणावर बघणार त्याच उपकरणावर पारखून. तक्रार लिहिताना मालिका, सीझन, एपिसोडचं नाव, मिनिट-सेकंद, ऑडिओ आणि सबटायटलची भाषा, उपकरणाचं मॉडेल आणि ॲपची आवृत्ती एकाच मेलमध्ये द्या, म्हणजे निदान पहिलं छापील उत्तर टळण्याची शक्यता आहे. पैसे फोनच्या ॲप स्टोअरमार्फत भरले असतील तर वर्गणी रद्द करणं आणि परतावा मागणं तिथूनच करावं लागतं. नुसतं ॲप काढून टाकलं तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातातच.