ऑफिस हॉल आणि वॉशरूममधले एलईडी दिवे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी जोडणी काय आहे ते सांगतो. ६ मीटर लांब आणि ४.८ मीटर रुंद हॉल, फॉल्स सीलिंग २.७ मीटरवर. त्यात २ बाय २ फुटांचे, ३६ वॅटचे नऊ बॅकलिट पॅनल (चिप मागे, प्रकाश थेट खाली). शेजारी ३ बाय २.४ मीटरचं वॉशरूम: दोन क्युबिकल, दोन बेसिन, एक लांब आरसा. तिथे १० वॅटचे चार डाउनलाइट, आरशाच्या दोन्ही बाजूंना एलईडी पट्टी आणि सीलिंगमध्ये सेन्सर. प्रकाशाचा रंग हॉलमध्ये ४००० केल्विन (ना फार पिवळा, ना निळसर), वॉशरूममध्येही तेच.

निकाल लगेच हवा असेल तर असा: पॅनलबद्दल तक्रार नाही, ड्रायव्हरवर (दिव्याला हवा तसा करंट पुरवणारा डबा) लक्ष ठेवावं लागतं आणि सगळ्यात जास्त डोकं खातो तो सेन्सर. एलईडीची चिप बहुतेक वेळा नीटच असते. त्रास देतात त्या तिच्या आजूबाजूच्या गोष्टी, आणि बॉक्सवर त्यांच्याबद्दल फार काही लिहिलेलं नसतं.

दिवे किती, आणि कुठे

नऊ हा आकडा अंदाजाने आलेला नाही. दिव्यातून निघणारा प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात, आणि एका चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात ते लक्समध्ये. ऑफिसच्या टेबलावर ५०० लक्स आणि वॉशरूममध्ये २०० लक्स हे सगळीकडे धरले जाणारे आकडे आहेत. युरोपातलं ईएन १२४६४-१ हे मानकही तेच सांगतं. हॉलचं क्षेत्रफळ २८.८ चौरस मीटर, म्हणजे टेबलाच्या पातळीवर १४,४०० ल्युमेन पोचायला हवेत. पण दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश टेबलावर येत नाही. भिंती, छत आणि फर्निचर त्यातला काही खातात, त्यासाठी ०.६ चा गुणक धरला. पुढच्या काही वर्षांत धूळ बसेल, चिपही थोडी मंदावेल, त्यासाठी ०.८. दोन्हींचा गुणाकार ०.४८. १४,४०० ला ०.४८ ने भागलं की ३०,००० ल्युमेन. एक पॅनल ३६०० ल्युमेन देतो, म्हणजे ८.३ पॅनल, नऊ लावले तर ३ बाय ३ ची मांडणीही जमते.

याच हिशेबाने दिवे नवे असताना टेबलावर सरासरी ६७५ लक्सपर्यंत प्रकाश मिळतो. सुरुवातीचे काही दिवस 'फार उजेड आहे' अशी कुरकुर होते ती यामुळे. पॅनल कमी करणं हा त्यावर उपाय नाही, डिमिंग आहे. सुरुवातीला ७५ टक्क्यांवर चालवायचं आणि वर्षं जातील तसं वाढवत न्यायचं.

मोजणी करायची तर रात्री करा, खिडकीतला उजेड नसताना. दिवे लावून अर्धा तास होऊ द्या, कारण गरम झाल्यावर एलईडीचा प्रकाश थोडा उतरतो. लक्समीटर जमिनीपासून ०.७५ मीटरवर, म्हणजे टेबलाच्या उंचीवर धरा. मोबाइलमधल्या अ‍ॅपने दोन जागांची तुलना होते. आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका.

आता एक गोष्ट जी सीलिंगवाला स्वतःहून सांगत नाही. ६ मीटर लांबीत ६०० मिलिमीटरच्या बरोबर दहा टाइल बसतात, म्हणून तो भिंतीपासून पूर्ण टाइल लावत जातो. दिसायला नीटनेटकं, पण दहा टाइलच्या ओळीत मधली टाइल नसते, त्यामुळे तीन पॅनल समान अंतरावर आणि मध्यावर बसूच शकत नाहीत. एका बाजूला एक टाइल जास्त उरते. त्याऐवजी ग्रिड मध्यापासून सुरू करून घ्या: मध्यावर एक पूर्ण टाइल, तिच्या दोन्ही अंगांना चार-चार आणि दोन्ही भिंतींशी ३०० मिलिमीटरचा तुकडा. ४.८ मीटरच्या बाजूलाही तसंच, मध्यावर एक, दोन्हीकडे तीन-तीन आणि कडेला तुकडे. मग पॅनल दोन्ही दिशांना १.८ मीटरवर येतात. टेबलापासून दिव्याची उंची १.९५ मीटर, म्हणजे अंतर आणि उंचीचं प्रमाण एकाच्या खाली राहतं आणि दोन पॅनलमध्ये अंधारा पट्टा पडत नाही. लांबीच्या दोन्ही टोकांना पहिला पॅनल भिंतीपासून १.२ मीटर दूर राहतो, तिथे प्रकाश कमी पडतो. त्या जागी कपाटं आणि प्रिंटर ठेवा, टेबल नको.

पॅनलच्या तीन ओळी खिडकीला समांतर घेऊन प्रत्येक ओळीला स्वतंत्र बटण दिलं आहे. खर्च फक्त थोड्या जास्त वायरचा, आणि खिडकीकडची ओळ दिवसाचा बराच वेळ बंद असते. या सगळ्या कामात सगळ्यात पटकन वसूल झालेली गोष्ट कुठली, तर हीच.

डोळ्यांना काय जाणवतं

लक्स बरोबर असूनही लोकांचे डोळे दुखतात, याची कारणं दोन: झगझगाट आणि लुकलुकणं.

झगझगाटाचा आकडा यूजीआर. ऑफिससाठी तो १९ किंवा त्याखाली हवा. साध्या दुधी डिफ्यूझरचा पॅनल बहुधा त्याच्या वर जातो. मायक्रोप्रिझम, म्हणजे बारीक पैलूंचा डिफ्यूझर असेल तर खाली राहतो. फरक बसल्या जागी कळतो: तिरकं पाहिलं तर प्रिझमचा पॅनल निवलेला दिसतो, दुधी पॅनल तितकाच चमकतो. स्क्रीनवर पॅनलचं चौकोनी प्रतिबिंब पडत असेल तर दिवा बदलण्याआधी टेबल सरकवून पाहा. पॅनलची ओळ बसणाऱ्याच्या मागच्या छतावर असली की हमखास पडतं.

लुकलुकणं ड्रायव्हरमधून येतं. ५० हर्ट्झच्या विजेवर स्वस्त ड्रायव्हरचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा खाली-वर होतो. डोळ्याला ते सरळ दिसत नाही, पण दुपारपर्यंत डोकं जड होतं. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १७८९-२०१५ या शिफारशीनुसार १०० हर्ट्झला हा चढउतार ८ टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी समजतात. मोबाइलचा कॅमेरा दिव्याजवळ धरून काळे सरकते पट्टे दिसले तर तो ड्रायव्हर परत करा. हीच तपासणी डिमर ३० टक्क्यांवर आणूनही करा, कारण पूर्ण उजेडात स्थिर वाटणारे काही ड्रायव्हर मंद केले की उघडे पडतात.

बॅकलिट घ्यावा की एजलिट? एजलिट पातळ आणि देखणा असतो. पण त्यात प्रकाश कडेच्या चिपमधून प्लास्टिकच्या पाटीत शिरून मग खाली येतो, आणि ती पाटी पॉलिस्टायरिनची असेल तर काही वर्षांत पिवळी पडते. वर जागा असेल तर बॅकलिटच घ्या. त्याची जाडी जास्त असते हे खरं, पण सीलिंगच्या वर ती कोणाला दिसते?

ड्रायव्हर, ज्याला बरेच वायरमन अजून चोकच म्हणतात

एलईडी ५०,००० तास चालते म्हणतात तो आकडा चिपचा, आणि तोही ती बंद पडण्याचा नसून तिचा प्रकाश ठरावीक टक्क्यांवर येण्याचा. एल७० म्हणजे ७० टक्के प्रकाश उरला तो क्षण. ड्रायव्हरचं आयुष्य वेगळं. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून ड्रायव्हर ग्लासवूलखाली दाबून ठेवू नका, पॅनलच्या पाठीवर तर मुळीच नको. शेजारच्या टाइलवर, मोकळ्या हवेत ठेवा. केसवर 'टीसी' असा ठिपका आणि त्यासोबत तापमान छापलेलं असतं. चालू असताना त्या जागेचं तापमान छापलेल्या आकड्याच्या जितकं खाली, तितकं बरं.

बदली ड्रायव्हर आणताना वॅट पाहून आणू नका. पॅनलला लागणारा करंट तंतोतंत जुळला पाहिजे, उदाहरणार्थ ९०० मिलिअँपिअर, आणि पॅनलचं व्होल्टेज ड्रायव्हरच्या पट्ट्यात बसलं पाहिजे. पॅनल जोडताना वीज बंदच हवी. चालू ड्रायव्हरला पॅनल जोडला की त्याच्या कपॅसिटरमध्ये साठलेलं चढं व्होल्टेज एकदम चिपवर येतं. चिप तेव्हाच जाते किंवा अधू होऊन पुढे महिनाभरात जाते, आणि मग दोष पॅनलला दिला जातो.

लक्षणांवरून दोष ओळखता येतो. दर एक-दोन सेकंदांनी उघडझाप होत असेल तर ड्रायव्हर स्वतःला वाचवतो आहे: व्होल्टेज जुळत नाही, आउटपुटला कुठेतरी शॉर्ट आहे किंवा ड्रायव्हर मरणपंथाला लागला आहे. पॅनलचा एकच पट्टा काळा असेल तर चिपची एक माळ तुटली आहे, ड्रायव्हर ठीक आहे. बटण बंद करूनही मंद उजेड राहत असेल तर आधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर तर नाही ना ते तपासा. मग बटणातला छोटा इंडिकेटर काढून पाहा. लांब टू-वे वायरिंगमध्येही शेजारच्या वायरमुळे असं होतं.

नऊ पॅनल मिळून ३२४ वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर दीड अँपिअरही नाही. तरी एमसीबी लावताक्षणी पडू शकतो, कारण प्रत्येक ड्रायव्हर सुरू होताना सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरता मोठा करंट ओढतो आणि नऊही एकदम ओढतात. बी ऐवजी सी कर्व्हचा, म्हणजे असा क्षणिक झटका जास्त सोसणारा एमसीबी लावला की प्रश्न मिटतो. एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतील हा आकडा चांगल्या कंपनीच्या डेटाशीटमध्ये असतो. नसेल तर त्या कंपनीबद्दल तेवढ्यानेच काय ते कळतं.

वॉशरूम

इथे लक्सपेक्षा ओल, आरसा आणि सेन्सर महत्त्वाचे.

डाउनलाइटवर आयपी४४ (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेलं असतं ते पुष्कळदा फक्त खालच्या बाजूचं. वरची, सीलिंगमधली बाजू आयपी२० असते. वरच्या मजल्याची नळजोडणी त्याच पोकळीतून जात असेल तर हे महत्त्वाचं ठरतं. शॉवर असेल तर त्याच्या वर आयपी६५ घ्या. ड्रायव्हर आयसोलेटेड, म्हणजे आउटपुट मेन्सपासून वेगळं ठेवणारा हवा: स्वस्त नॉन-आयसोलेटेड ड्रायव्हरच्या आउटपुटलाही मेन्सचा धक्का बसू शकतो, आणि ओल्या हाताच्या खोलीत ती जोखीम कशाला? सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

क्युबिकलच्या भिंती उंच असतील तर प्रत्येक क्युबिकलमध्ये एक डाउनलाइट द्यावा लागतो, हिशेब काहीही सांगो. उरलेले दोन बेसिनपुढच्या मोकळ्या जागेत, आणि बरोबर डोक्यावर नकोत. आरशापुढे उभ्या माणसाच्या डोक्यावर दिवा आला की डोळ्यांखाली खड्डे दिसतात. चेहऱ्यावरचा प्रकाश आरशाच्या दोन्ही बाजूंनी, चेहऱ्याच्या उंचीवर हवा. इथे ९० सेंटिमीटरच्या दोन उभ्या पट्ट्या आहेत: २४ व्होल्ट, मीटरला ९.६ वॅट, अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये, दुधी झाकणासह. दोन्ही मिळून सुमारे १७ वॅट. २० टक्के राखीव धरून २५ वॅटचा ड्रायव्हर पुरतो. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, हॉलमध्ये ८० चालतो, आरशाशी मात्र ९० घ्या आणि आर९ चा आकडा विचारा. लाल रंग किती खरा दिसतो ते तो सांगतो. कमी असेल तर त्वचा राखाडी दिसते.

आता सेन्सर. पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता हलताना पकडतो, आणि ती उष्णता क्युबिकलच्या भिंतीपलीकडून त्याला दिसत नाही. आतला माणूस पाच मिनिटं बसला की दिवे जातात आणि हात हलवूनही येत नाहीत. मायक्रोवेव्ह सेन्सरला पातळ पार्टिशन आड येत नाही, पण तोच गुण अंगाशी येतो: तो दाराबाहेरच्या पॅसेजमधली हालचालही पकडतो आणि दिवे दिवसभर चालू राहतात. शेवटी जमलं ते असं: प्रत्येक क्युबिकलच्या छतात वेगळा छोटा पीआयआर, बेसिनच्या भागात एक, सगळे समांतर जोडलेले, वेळ १५ मिनिटं. मायक्रोवेव्हच वापरायचा असेल तर त्याचा पल्ला कमीत कमी करा आणि तो दारापासून लांबच्या भिंतीकडे लावा.

सेन्सरवर '१००० वॅट' छापलेलं असतं ते जुन्या बल्बसाठी. एलईडीचा आकडा खाली बारीक अक्षरात, बराच कमी असतो. तो ओलांडला की सुरू होतानाच्या करंटने रिलेचे (सेन्सरच्या आतल्या स्विचचे) कॉन्टॅक्ट चिकटतात आणि दिवे कायमचे चालू राहतात. त्यामुळे सेन्सर 'जास्तच संवेदनशील' झाला असं वाटलं तर आधी रिलेवर संशय घ्या. एग्झॉस्ट फॅन त्याच रिलेवर टाकू नका. त्याला दिव्यानंतर काही मिनिटं चालणारा वेगळा टायमर द्या, नाहीतर ओल बाहेर जाण्याआधीच तो बंद पडतो.

देखभाल

पॅनल कोरड्या मऊ फडक्याने पुसा. सॉल्व्हंट लावू नका, डिफ्यूझरला भेगा जातात. डाउनलाइटमध्ये किडे दिसले तर कटआउटच्या कडेचं गॅस्केट नीट बसलेलं नाही.

पहिल्या खरेदीतच एक पॅनल, एक डाउनलाइट आणि दोन ड्रायव्हर जास्तीचे घेऊन ठेवा. दुसऱ्या लॉटच्या ४००० केल्विनमध्ये किंचित हिरवट किंवा गुलाबी झाक येते. रंगातला फरक ३ एसडीसीएमच्या (दोन दिव्यांच्या रंगातला फरक मोजायचं माप) आत असेल तर ती सहसा नजरेत भरत नाही, ५-६ असेल तर नवा पॅनल नऊमध्ये दारातूनच ओळखू येतो. राखीव पॅनल लावायची वेळ आली तर तो मध्ये लावू नका. कोपऱ्यातला जुना पॅनल मध्ये आणा आणि नवा कोपऱ्यात बसवा.