माझ्या रिपोर्टची झेरॉक्स दाखवून कुणी कॅन्सरचं औषध विकत असेल तर आधी हे वाचा

गेल्या आठवड्यात जतहून एका पोराचा फोन आला, "काका, तुमचा आतड्याचा कॅन्सर त्या पुड्यांनी गेला ना? तुमचे रिपोर्ट दाखवले आम्हाला." ऐकून हातपाय गार पडले. त्या पुड्या विकणाऱ्या माणसाकडं माझी अख्खी फाईल आहे, नाव नंबरासकट, आणि मी जिवंत आहे याच्यावर तो धंदा करतोय.

मी ६८ वर्षांचा, मिरजेत राहतो. चार वर्षांपूर्वी संडासवाटे रक्त जायचं, मी मूळव्याध समजून पाच महिने मलम लावत बसलो, हिमोग्लोबिन साडेसातवर आलं तेव्हा पोरानं जबरदस्तीनं नेऊन दुर्बिणीची तपासणी करवली, मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन चांगलं झालं पण तीन लिम्फ नोडमध्ये (आतड्याजवळच्या बारीक ग्रंथींत) कॅन्सर सापडला, म्हणजे तिसरी स्टेज. डॉक्टर म्हणाले दर २१ दिवसांनी असे आठ केमो, आणि ऑपरेशनपासून सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हायला पाहिजेत.

मला कॅन्सरपेक्षा केमोची भीती जास्त, आणि त्या पुडीवाल्यानं ती बरोबर ओळखली. मेडिकलसमोर चहाच्या गाड्यावर हातातली फाईल बघून स्वतःहून बोलायला आला, त्याच्या आईचंही असंच होतं म्हणे. "अण्णा, माणूस कॅन्सरनं जात नाही, केमोनं जातो." मग कुपवाड रोडला एका खोलीत नेलं, बाहेर बोर्ड नाही, आत कपाटभर बरे झालेल्यांच्या फायली. माझीही झेरॉक्स ठेवून घेतली. १५ दिवसांच्या पुड्या १४ हजार, बिल नाही, पुडीवर नाव नाही, आणि डॉक्टरांना काही सांगायचं नाही. तीनदा घेतल्या, ४२ हजार, शेवटच्या वेळी हिच्या पाटल्या मोडल्या.

वाईट म्हणजे मला बरं वाटायला लागलं हो. चार चार भाकरी खायचो, चेहरा भरला, सगळे म्हणायचे गुण आला. मग चक्कर येऊन पडलो, साखर ३८०. डॉक्टरांना पुडी दाखवली तर ते ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले अशा पुड्यांत स्टिरॉइड घातलेलं असतं, त्यानं भूक लागते, तोंड सुजतं, साखर चढते, गाठीला काही होत नाही. ते एकदम बंदही करता येत नाही, हळूहळू कमी करावं लागलं, आणि केमो सुरू व्हायला अकरावा आठवडा उजाडला.

आठही केमो घेतले. फ्रिजमधली बाटली धरली की बोटांना करंट बसल्यासारखं व्हायचं, तळपाय अजून बधिर आहेत, पण झेपले. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्याचे पैसे लागले नाहीत, पाटल्या मोडल्या त्या पुड्यांसाठी! आता दर सहा महिन्यांनी सीईए, म्हणजे कॅन्सर परत येतोय का ते बघायची रक्ततपासणी, करतो, नॉर्मल येतंय.

तेव्हा पोलिसांत गेलो तर बिल मागितलं, ते कुठनं आणणार. आता त्या पोराकडनं "कॅन्सर मुळासकट बरा" असं छापलेलं पत्रक मागवलंय. कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, ते घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार देतोय. आणखी कुणाकडं असं पत्रक असेल तर फेकू नका.

त्या पोराची आई ६३ वर्षांची, ऑपरेशन होऊन पाच आठवडे झालेत. अजून वेळ आहे हे त्याला मी तीनदा सांगितलं. सोमवारी तो तिला घेऊन मिरजेला येतोय, डॉक्टरांकडं मी सोबत जाणार आहे.