फळीला पोट आलं तेव्हा कळलं

माझी फसवणूक एका पट्टीच्या मागे लपली होती. फळीची कड झाकायला चिकटवतात ना, ती पाऊण इंचाची प्लास्टिकची पट्टी, एज बँड म्हणतात ती. घरात पुस्तकांसाठी फळ्यांची मांडणी करून घ्यायचा विचार असेल आणि हात आखडता असेल, तर हे वाचा. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, हा प्रश्न वेगळा.

पुस्तकं वर्षानुवर्षं खोक्यांत होती. पलंगाखाली, माळ्यावर, कपाटाच्या वर. एखादं हवं असलं की चार खोकी उपसायची आणि ते पाचव्यात निघायचं. मुलाची खोली रिकामी झाली तेव्हा ठरवलं की एक पूर्ण भिंत पुस्तकांना द्यायची. दहा फूट रुंद, सात फूट उंच. तीन जणांकडून अंदाज मागवले. पहिले दोघे साधारण सारखे होते, तिसरा त्यांच्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. इथे खरं तर विचारायला हवं होतं की कमी का. मी विचारलं नाही, कारण मला ते उत्तर नको होतं, रक्कम हवी होती.

माणूस बोलायला गोड. येताना प्लायचा तळहाताएवढा तुकडा घेऊन आला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ताई, हा बघा माल. थर मोजा हवं तर." मी खरंच मोजले. अकरा. एकाआड एक फिकट आणि गडद, घट्ट बसलेले, कुठे पोकळी नाही. "अठरा एमएम प्लाय, दोन्ही बाजूंनी लॅमिनेटचं गुळगुळीत आवरण. तुम्ही निर्धास्त राहा." मी राहिले.

मग त्याने जे सांगितलं त्यावर मी खूश झाले, आणि सगळा डाव तिथेच होता. तो म्हणाला, घरात कापाकापी करायची नाही. भुसा नाही, धूळ नाही, आठवडाभर करवतीचा आवाज नाही. सगळ्या फळ्या कारखान्यात कापून, कडा लावून आणायच्या आणि इथे फक्त जोडायच्या. किती सोयीचं! सुतार घरात काम करतो तेव्हा आख्खं शीट दाराशी उभं राहतं, त्यावरचा शिक्का दिसतो, कापलेली कड दिसते, उरलेले तुकडे कोपऱ्यात पडून असतात. माझ्या घरात आल्या त्या सहाही बाजूंनी झाकलेल्या, गुळगुळीत, पांढऱ्या फळ्या. आत काय आहे ते पाहायला एक फट नव्हती.

वास मात्र आला होता. खोलीत शिरलं की डोळ्यांना किंचित चुरचुरायचं. नव्या सामानाचा वास असतोच, असं मीच नवऱ्याला समजावलं. लाकडाचा भुगा दाबून बोर्ड करतात तेव्हा त्याला बांधणारा गोंद बहुधा युरिया फॉर्मल्डिहाइडचा असतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो. प्लायमध्येही गोंद असतोच, त्यामुळे नुसत्या वासावरून कुणाला पकडता येत नाही. पण वास उग्र असेल तर आतला माल काय आहे हे विचारायला ते पुरेसं निमित्त होतं.

मांडणी उभी राहिली आणि दिसली सुंदर. चाळीस इंचांचे तीन खण, प्रत्येकात पाच फळ्या, खोली पंधरा इंच. निम्मी रक्कम आधीच दिली होती, पाव रक्कम सांगाडा उभा राहिल्यावर आणि उरलेली पाव त्याच संध्याकाळी, कारण त्याला "दुसऱ्या साइटवर" पोचायचं होतं. मी रिकाम्या मांडणीचे पैसे चुकते केले. रिकामी फळी तर पुठ्ठ्याची असली तरी सरळ दिसेल.

पुस्तकं लावायला दोन रविवार गेले. पंधरा इंच खोली असल्यामुळे दोन-दोन रांगा बसल्या, तेव्हा केवढा आनंद झाला होता. दोन महिन्यांनी नवरा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "मधल्या खणाच्या फळीला पोट आलंय गं." मला दिसेना. मग त्याने शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि फळीच्या पुढच्या कडेला दोरा ताणला. दोन्ही टोकांना दोरा फळीला टेकलेला आणि मधोमध खाली अकरा मिलिमीटरची फट. फुटामागे पाऊण-एक मिलिमीटर बाक असला तरी तो डोळ्याला खुपू लागतो म्हणतात. त्या हिशेबाने सव्वातीन फुटांच्या फळीला तीन मिलिमीटरही पुष्कळ झाले.

त्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, लाकूड आहे ताई, थोडं बसतं. दुसऱ्यांदा म्हणाला, तुम्ही वजन जास्त भरलंत, ते शोकेससारखं वापरायचं. पुस्तकांच्या मांडणीत पुस्तकं भरल्याबद्दल मलाच बोल! तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही.

मग आमच्या ओळखीचे एक वयस्कर सुतारकाका आले. त्यांनी ना टेप काढला ना ओळंबा. चष्मा कपाळावर सरकवला, पातळ पटाशीचं टोक खालच्या फळीच्या कडेला घातलं आणि ती पट्टी बोटभर सोलली. आत थर नव्हते. तांबूस-करड्या लाकडाच्या चिपा दाबून बसवलेल्या, मधोमध जाड आणि दोन्ही बाजूंना बारीक. नखाने खरवडलं तर चुरा जमिनीवर पडला. त्यांनी एका कोपऱ्याचा तुकडा काढून पेलाभर पाण्यात टाकला. सकाळी तो कडेने फुगून आला होता आणि चिमटीत धरल्यावर कुस्करला. पार्टिकल बोर्ड. अख्खी भिंत पार्टिकल बोर्डची.

मी तावातावाने कराराचा कागद काढला. आणि तिथे खरा धक्का बसला. कागदावर लिहिलं होतं: "१८ मि.मी. बोर्ड, लॅमिनेटसह." तोंडाने प्रत्येक वेळी तो प्लाय म्हणाला होता, लिहिताना एकदाच बोर्ड म्हणाला आणि मी सही केली. बरं, अठरा तरी होते का? काकांनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, बरोबर अठरा भरले. सोळाचा बोर्ड आणि वर-खाली एकेक मिलिमीटरचं लॅमिनेट. "लॅमिनेटसह" हा शब्द मला सजावटीचा वाटला होता, तो हिशेबाचा होता. म्हणजे तक्रार करायला गेले असते तर कागद त्याच्या बाजूने बोलला असता. माझ्याकडे पुरावा काय, तर तळहाताएवढा तुकडा आणि त्याचं गोड बोलणं.

पार्टिकल बोर्डवर माझा राग नाही, हेही सांगून टाकते. पैसे कमी असतील तर तो वापरावा, पण त्याच्या ताकदीच्या बेताने. त्याचा ताठपणा चांगल्या प्लायच्या निम्म्याहूनही कमी असतो. शिवाय वजन सतत राहिलं की तो महिनोन्‌महिने वाकत राहतो, आणि वजन काढलं तरी सगळा बाक जात नाही. कडेत घातलेला स्क्रू एकदा ढिला झाला की परत पकड घेत नाही. पण दोन फुटांच्या आत खण ठेवला तर साधी पुस्तकं तो पेलतो. माझा खण चाळीस इंचांचा होता. फळीवर सारखं वजन असेल तर लांबी वाढते तसा बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे खण दुप्पट केला तर बाक सोळा पट. चोवीस इंचांऐवजी चाळीस केले की जवळजवळ पावणेआठ पट. त्यात पुस्तकं फुटाला आठ ते बारा किलो भरतात. माझ्या एका फळीवर एका रांगेत तेहतीस किलोच्या आसपास आणि दोन रांगांत त्याच्या दुप्पट, म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस बसवल्यासारखं.

तो दिवस माझा चौकोनी कागदावर आकृत्या काढण्यात गेला. आधी काढायला हव्या होत्या. बहुतेक पुस्तकांची रुंदी नऊ इंचांच्या आत असते. मोठे कोश, नकाशे, चित्रांची पुस्तकं तेवढी खालच्या खोल फळीवर. पंधरा इंच खोली मला त्याने "जास्त जागा" म्हणून दिली, आणि मागची रांग मला नंतर कधी दिसली नाही. शीट आठ बाय चार फुटांचं असतं. त्याच्या मापाने पंधरा फळ्या आणि चार उभ्या बाजू कापायला जवळपास चार शीट लागतात. मी नऊ इंच खोली धरली, चोवीस इंचांचे पाच खण केले, पंचवीस फळ्या आणि सहा उभ्या बाजू काढल्या, तर अडीच शीटमध्ये काम भागतं. दोनदा मोजलं. भिंत तीच, पुस्तकांची एक रांग बसेल अशी लांबी तीच. चार शीट हलका माल घेण्यापेक्षा अडीच शीट अस्सल प्लाय मला झेपला असता. कमी पैशात मिळावं म्हणून फसले आणि कमी पैशात करायचा रस्ता त्याच भिंतीवर होता, हे कागदावर बघून मला जेवढा राग आला तेवढा त्या माणसाचाही आला नव्हता.

बाकीच्या गोष्टी त्यामानाने किरकोळ. पाठीला कागदासारखी पातळ फळी, तीही बारीक चुकांनी ठोकलेली, त्यामुळे सांगाडा बाजूला ढकलला की हलायचा. भिंतीला एकही पकड नव्हती. सात फूट उंच, शेकडो किलोंची वस्तू आणि भिंतीला एक स्क्रू नाही. "भिंतीला भोकं पाडायची नाहीत ना ताई" असं त्याने मला विचारलं होतं आणि मी आभार मानले होते. घरात लहान मूल येत-जात असेल तर हे आधी बघा, प्लाय नंतर.

आता कुणी मांडणी करायला घेतली की मी आगाऊपणे चार गोष्टी सांगते. कागदावर "प्लाय" हा शब्द हवा आणि जाडी लॅमिनेट सोडून लिहिलेली हवी. कापण्याआधी शीट बघायला जायचं, लांब असलं तरी. किती शीट लागणार ते विचारून आपण स्वतः मोजायचं. एक-दोन फळ्या कड न लावता आणायला सांगायच्या, पट्टी आपल्यासमोर लावू दे. कुरकुर करणारा माणूस तिथेच कळतो. आणि शेवटचा हप्ता पुस्तकं भरल्यावर, महिनाभराने. हे ऐकून एक कंत्राटदार माझ्या बहिणीला म्हणाला, असं कुणी काम करत नाही. तिने दुसरा शोधला, त्याने केलं.

आमची मांडणी मोडली नाही. तेवढे पैसे उरले नव्हते. काकांनी प्रत्येक फळीखाली मधोमध प्लायचा उभा आडोसा दिला. सगळे आडोसे एका ओळीत, एकाखाली एक, म्हणजे वरचं वजन खालच्या फळीच्या पोटावर न येता थेट जमिनीत उतरतं. आधी फळ्या उलट्या करून बसवल्या, पोट वर. पाठीला जाड फळी आली, वरून भिंतीला लोखंडी कोन आले. मागची रांग काढून टाकली. ती पुस्तकं पुन्हा खोक्यांत गेली, पलंगाखाली.

नमुन्याचा तो तुकडा त्याने परत मागितला नव्हता. शब्दकोश एका बाजूला कलंडतात म्हणून त्यांना टेकू लावलाय. अकरा थर, घट्ट, कुठे पोकळी नाही. त्याने घरात आणलेल्या सगळ्या मालात अस्सल प्लाय तेवढाच.