शॉटगन माईक म्हणून नुसती नळी गळ्यात मारली

२७,५०० रुपये गेले. ५,००० ॲडव्हान्स आणि २२,५०० माईक हातात घेतल्यावर, यूपीआयने. जर्मन कंपनीचा शॉटगन माईक, म्हणजे समोरचाच आवाज उचलणारा लांब नळीचा माईक, सेकंडहँड. बॉक्स हरवलाय, बिल भावाच्या नावावर आहे, पैशाची नड आहे... पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

हौस म्हणून घेतला नव्हता. सोलापुरातली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा तोंडावर होती. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडताना "हर्र बोला हर्र"च्या गजरात एका माणसाचं बोलणं वेगळं पकडायचं, तर साध्या माईकचं ते काम नाही.

पार्क चौकात गाडीच्या बॉनेटवर रेकॉर्डर ठेवून तपासला. ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे रेकॉर्डरमधून केबलने माईकला जाणारी वीज, बंद होती, तरी आवाज आला! त्या मॉडेलला फँटम लागतेच, ती बंद असली की तो मुका हवा. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "आत सेल आहे, साहेब." त्या मॉडेलला सेलची जागाच नसते! तिथंच त्याच्या हातात परत द्यायला हवा होता. आठवलं की अजून डोकं फिरतं. पण तो माईकपासून दोन हात अंतरावर उभा राहून बोलत होता. एवढ्या जवळून कुठलाही माईक चांगलाच वाटतो, कुणीही फसलं असतं.

घरी उघडला. खऱ्या माईकच्या नळीतल्या फटी आरपार असतात. बाजूचा आवाज त्यांतून मागेपुढे आत शिरतो आणि आपसांतच कटतो, समोरचा तेवढा उरतो. इथं फटी वरवर कोरलेल्या, आत चहूकडचं ऐकणारी फुटकळ कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग.

खरा-खोटा ओळखायचा तर हेडफोन लावून, समोरच्याला बोलतं ठेवून माईक बाजूला वळवा. 'स', 'श' बोथट झाले पाहिजेत. ढोलावर तपासू नका, खर्ज खऱ्या माईकलाही फारसा अडत नाही. खोलीतही नको, भिंतींवरून आवाज परत येतो.

पोलिसांकडे गेलो तर, "आवाज येतो ना? मग फसवणूक कसली?" नळी उघडून दाखवली तर साहेब फोनवर. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर व्यवहार झालाय, ठाण्यात जा. ठाण्यातले म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. अर्जावर पोच मागितली तर "उद्या या". उद्या गेलो तर ते साहेब बंदोबस्ताला! माझ्याकडे नंबर आहे, यूपीआय आयडी आहे, चॅट आहे. आणखी काय आणून द्यायचं, तो माणूस बांधून?

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. नंबर नवा, भाव २४,०००, फोटो तोच, लाल चादरीवर ठेवलेला. बघायला जाणार असाल तर फँटम बंद ठेवूनच जोडा.