पान अक्षरातच हवं, की अक्षराशेजारी?

माहितीपत्रक, भित्तिपत्रिका, कवितांचा छोटा संग्रह असं काही वर्ड प्रोसेसरमध्ये सजवायला घेतलं की दोन वाटा दिसतात. एक म्हणजे ज्याच्या अक्षरांनाच वेली-पानं फुटलेली आहेत असा फाँट निवडायचा. दुसरी म्हणजे मजकूर साध्या फाँटमध्ये ठेवून फुलापानांची चिन्हं वेगळी घालायची. दोन्ही मी वापरून पाहिल्या आहेत. पहिलीचा मोह पडतो हे मान्य. यादीतून एक नाव निवडलं की दुसरं काही न करता अख्खं शीर्षक बहरतं.

मराठी मजकुराला वेलबुट्टीचा इंग्रजी फाँट लावला आणि अक्षरं ढिम्म हलली नाहीत, तर गोंधळू नका. त्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात, त्यामुळे वर्ड गुपचूप निर्मला यूआय किंवा मंगल हे देवनागरी फाँट वापरतो. लिब्रे ऑफिसच्या रायटरमध्ये तर देवनागरीचा फाँट ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’च्या वेगळ्या रकान्यात द्यावा लागतो. म्हणजे सजावटीचा फाँट मुळात देवनागरीचाच शोधायला हवा, आणि तसे फाँट मोजकेच.

तसा एक मला मिळाला होता. मोठ्या आकारात एकेक अक्षर सुंदर दिसायचं. पण शिरोरेषेवर त्याने इवल्या कळ्या काढलेल्या होत्या आणि माझं सगळं तिथेच अडलं. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वरची जागा मोकळी नसते. अनुस्वार, मात्रा, रफार, वेलांटीचं वळण सगळं तिथेच येतं. बागकामाच्या पत्रकात मी ‘खत’ लिहिलं, तर वरच्या कळीमुळे ते ‘खंत’ दिसू लागलं. ‘निसर्गमैत्री’त ‘ग’वरचा रफार आणि ‘मै’च्या दोन मात्रा यांच्यामध्ये एक पान घुसलं, त्यात रफार नेमका कुठला ते कळेना. फाँटचा आकार वाढवून पाहिला, अक्षरांमधलं अंतर वाढवून पाहिलं. अंतर वाढवलं तर शिरोरेषाच तुटली. दोन ओळींमधलं अंतर वर्ड आपोआप ठरवतो तेव्हा उंच अक्षरांमुळे ओळी लांब-लांब जातात. तेच अंतर ‘एक्झॅक्टली’ करून कमी केलं, तर कळ्यांची टोकं कापली जातात. सगळ्याच सजावटी फाँटमध्ये असं होत असेल असं मी म्हणणार नाही. पण वाचणाऱ्याला शब्दच नीट लागत नसेल, तर ती सजावट मला तरी नको वाटते.

दुसऱ्या वाटेला थोडे जास्त कष्ट आहेत. चिन्ह शोधा, घाला, आकार जुळवा. बदल्यात हातात बरंच काही येतं. पानाला हिरवा रंग आणि अक्षराला काळा, हे इथे सहज जमतं. फाँटमधलं पान मात्र अक्षराचाच रंग घेतं. युरोपात सोळाव्या शतकापासून मुद्रक पानाफुलांचे खिळे अक्षरांच्या खिळ्यांपासून वेगळे ठेवत आणि लागेल तिथे बसवत. मला ती पद्धत आजही पटते.

चिन्हं कुठून घ्यायची, इकडे मात्र नीट लक्ष द्या. विंगडिंग्ज या चिन्हांच्या फाँटमध्ये पानांच्या छान नक्ष्या आहेत. पण तिथे पान दिसत असलं तरी आत पानाचा नव्हे, भलत्याच अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेत असतो. ज्या उपकरणावर तो फाँट नाही तिथे पानाच्या जागी भलतंच अक्षर किंवा रिकामी चौकट येते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला स्वतःचा ठरलेला संकेत देणारी पद्धत, त्यातली चिन्हं घेतली तर हा धोका बराच कमी. वर्डमध्ये इंग्रजी अंकांत २७६६ टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबा, वेलीसह हृदयाच्या आकाराचं पान येईल. त्याच्या पुढचा २७६७ म्हणजे तेच पान आडवं, परिच्छेदाच्या सुरुवातीला शोभणारं. २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत पानांची आणखी चिन्हं आली, पण ती सगळ्या फाँटमध्ये सापडत नाहीत.

मजकुरासाठी मी तिरो देवनागरी मराठी हा फाँट वापरतो. त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे आहेत. शीर्षक जरा मोकळं हवं असेल तर कलम. त्याचं हस्ताक्षरी वळण पाना-चिन्हांशी चांगलं जुळतं. दोन्ही फाँट मोफत आहेत.

तरीही एकाच शब्दाचं मोठं शीर्षक असेल, त्यात मात्रा-रफार फारसे नसतील आणि शेवटी पीडीएफच पाठवायची असेल, तर पानाफुलांचा फाँट जरूर लावून बघा. पीडीएफमध्ये फाँट सोबत जात असल्याने समोरच्याकडे तो नसला तरी चालतं. फक्त पाठवण्याआधी तो शब्द माहीत नसलेल्या कुणाला तरी एकदा वाचायला द्या.